ऑकलंडच्या पलीकडं टोरांटो

वसमतमधले माझे घरमालक काका पाहुण्याला काय द्यायचं, हे तो किती लांबून आला आहे यावर ठरवायचे. कुरुंद्याहून आलेल्याला पाणी. नांदेडहून आलेल्याला चहा. पुण्याचं कुणी असलं तर शिरा, आणि त्याच्याही पुढचं असलं तर जेवल्याशिवाय सुटका नाही. मे महिन्याच्या उन्हात स्कूटर हाणत आलेला कुरुंद्याचा सख्खा भाचा पाण्यावर परत जाताना मी पाहिला आहे. म्हणजे काकांच्या समजुतीप्रमाणे तो पाण्यावर गेला. काकू त्याला मागच्या दाराने बोलावून चहा पाजायच्या. पुढे पुढे तो भाचा शहाणा झाला आणि आल्या आल्या "नांदेडहून येऊन राहिलो" असं सांगू लागला. काका त्याच्याकडे संशयाने बघत चहा सांगायचे.

मला खोली मिळाली तीही याच हिशोबाने. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला नव्याने रुजू झाले होते. माझ्याआधी परभणीचा एक बँकवाला मुलगा वरच्या दोन खोल्या बघून गेला होता. काकांनी त्याला नकार दिला, कारण परभणीचा माणूस दर शनिवारी घरी पळतो, त्याला भाडेकरू काय म्हणायचं. मी गडहिंग्लजच्या पलीकडच्या खेड्यातली. रात्रभर प्रवास, मधे दोनदा गाडी बदलणं, सकाळी उतरल्यावर अंग आंबलेलं, हे सगळं मी सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा फुलला. त्यांनी खोली दाखवायच्या आधीच आत आवाज दिला, "पान वाढ ओ, लांबून आल्या मॅडम."

काकांचा सगळा जन्म मोंढ्याच्या बाजारात हळदीची अडत चालवण्यात गेला होता. गल्ली त्यांना शेठ म्हणायची. दुकान बंद करून काही वर्षं झाली होती, पण लिलावात उभं राहायची सवय अंगातून गेली नव्हती. समोरच्याने एक आकडा उच्चारला की काका त्याच्यावर चढलेच. कुणी म्हणावं, यंदा उन्हाळा बेचाळीसवर गेला. काका म्हणणार, आमच्या गच्चीवर पंचेचाळीस होता. शेजारच्या गुरुजींनी एकदा आपलं ब्लडप्रेशर दीडशे निघाल्याचं सांगितलं तर काकांनी स्वतःचं एकशे साठ सांगितलं. काकूंनी आतून ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं मीठ बंद केलं.

हे गुरुजी म्हणजे डाव्या हाताचे शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि तीन भिंतींना पुस्तकं. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. रोज संध्याकाळी काका अलीकडून आणि गुरुजी पलीकडून त्या भिंतीवर कोपर टेकून उभे राहायचे. "जयभीम गुरुजी," "जयभीम शेठ," एवढं गोडीनं व्हायचं आणि मग भांडणाला सुरुवात.

मी आले तेव्हा या गल्लीतला सगळ्यात लांबचा माणूस म्हणजे काकांचा मुलगा. तो ऑकलंडला होता, न्यूझीलंडमध्ये, बायको आणि लहान मुलीसह. हे मला पहिल्या आठवड्यातच अनेकदा ऐकायला मिळालं. दूधवाल्यालाही माहीत होतं. काकांची गल्लीतली गादी त्यावर पक्की होती. मग एके दिवशी गुरुजींच्या मुलीला टोरांटोत नोकरी लागली. गुरुजींनी पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि थेट जिना चढून माझ्या दारात आले.

"मॅडम, टोरांटो कुठं येतं?"

मी सांगितलं, कॅनडात.

"ते ऑकलंडच्या अलीकडं का पलीकडं?"

मी म्हटलं, काका, ते अगदी दुसऱ्या दिशेला आहे. हे उत्तर त्यांना आवडलं नाही. त्यांच्या मते लांब म्हणजे एकच दिशा असते आणि माणसं त्या रस्त्यावर मागे-पुढे उभी असतात. शेवटी त्यांनी फोनवर मोजायला लावलं. विमान जिथून धरतात त्या हैदराबादहून ऑकलंड पावणेबारा हजार किलोमीटरच्या आसपास निघालं आणि टोरांटो तेरा हजारांच्या जवळ. मधला फरक म्हणजे वसमतहून दिल्ली गाठावी एवढा. काका खाली गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी सकाळी सांगितलं, आणि बरं झालं, तेवढंच पोट हलकं, असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीवर ताजेतवाने हजर होते. त्यांनी नवा मुद्दा काढला होता. किलोमीटर रस्त्याला असतात, आकाशात कुणी दगड रोवलेत? विमानाला वेळ किती लागतो ते बोला. गुरुजी म्हणाले, बोलू. त्यांच्या मुलीचं दिल्लीहून सरळ विमान होतं, पंधरा तासांचं, वर हैदराबाद-दिल्लीचे दोन. काकांच्या मुलाचं सिंगापूरमार्गे, सगळं मिळून साडेचौदा-पंधरा. काका वेळेतही हरले. गुरुजींचा स्वभाव असा की जिंकल्यावर ते काहीच बोलायचे नाहीत, नुसता चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचे. ते पुसणंच काकांना सहन व्हायचं नाही. तेव्हा काकांनी तिसरा नियम आणला, की वेळ दारापासून दारापर्यंत धरायचा, मधे बसून राहावं लागतं तोसुद्धा. आणि भूगोलाच्या म्हणून पंच मी.

मला वाटलं, दोन म्हाताऱ्यांचा हा संध्याकाळचा विरंगुळा आहे. पण त्या वर्षी काकांचा मुलगा सुट्टीला यायचा होता, आणि काकांनी त्याला फोन करून सिंगापूरवरून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दुबईवरून ये. ऑकलंडहून दुबईचं विमान एका दमात सतरा तास उडतं. ते हिंदुस्थान मागे टाकून पुढे जातं. म्हणजे मुलाने आपल्या घरावरून पुढे दुबईला जायचं, तिथे बसून राहायचं आणि मग उलटं हैदराबादला यायचं. मुलाने आधी वाद घातला. मग वडिलांची हौस म्हणून तसाच आला. दारात गाडी थांबली तेव्हा तो उभ्या उभ्या झोपत होता, सुनेचा चेहरा पांढरा पडला होता आणि नात दोनदा ओकली होती. काका घड्याळ बघत पुढे झाले आणि भिंतीपलीकडे बघून ओरडले की आता बोला.

गुरुजी बाहेर आले. त्यांनी आधी नातीला जवळ घेऊन पाणी पाजलं. मग शांतपणे म्हणाले, "शेठ, घर सोडून पुढं जायचं आन् परत मागं यायचं, त्याला अंतर म्हणत न्हाईत. त्याला भटकणं म्हणतात."

मला निर्णय द्यावा लागला. मी दुबई धरली नाही. काका माझ्याशी आठवडाभर तुटक वागले. काकू काकांशी त्याहून जास्त दिवस बोलल्याच नाहीत. नातीला आकाशात जास्तीचं फिरवून आणलं, हे त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. मुलगा परत जाताना दोघांना म्हणाला की आता तुम्हीच तिकडे या. काकू एका पायावर तयार होत्या. काकांनी नकारार्थी मान हलवली. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाले, "मी तिकडं गेलो तर पोरगं जवळ आलं का न्हाई? मंग लांब कोण राहिलं?" काकूंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दोघांचे पासपोर्ट केव्हाचे काढून कपाटात पडले होते.

पुढच्या हिवाळ्यात गुरुजींची मुलगी आली तेव्हा दिल्लीत धुकं होतं. तिचं पुढचं विमान उडेना. दिवसभर ती दिल्लीत अडकली. इकडे गुरुजी काळजी करायचं सोडून चष्मा पुसत होते. काकांनी जोरात हरकत घेतली की धुकं धरायचं नाही. मी निवाडा दिला की धुकं दिल्लीचं आहे, टोरांटोचं नाही, तेव्हा वजा. त्या संध्याकाळी काकूंच्या हातून पुरणपोळी वर आली आणि गुरुजींकडून काही आलं नाही. भिंतीवर मात्र दोघं नेहमीसारखे उभे होते.

अशी वर्षं गेली. मग एका सकाळी गुरुजी न्हाणीतून बाहेर येता येता खाली बसले. काकांनीच पाहिलं. काठी टाकून, ती कमरेएवढी भिंत या वयात ओलांडून ते पलीकडे गेले. आम्ही गाडी करून त्यांना नांदेडला नेलं. हृदयाचा झटका होता. रक्तवाहिनीत स्टेंट घातला, दोन-तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. मुलीला फोन केला. तिला लगेचच्या विमानात जागा मिळाली नाही, दुसऱ्या दिवसाची मिळाली. म्हणजे ती पोचायला तिसरा नाहीतर चौथा दिवस उजाडणार होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला कसलीही काळजी लागू देऊ नका. पण गुरुजी शुद्धीवर आल्यापासून एकच विचारत होते, पोरगी कुठवर आली. त्यांचा फोन आम्हीच बाजूला ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ दोघांनाच आत सोडायचे, काका आणि मी. पहिल्या संध्याकाळी काकांनी खाटेशी वाकून सांगितलं की निघाली, विमानात बसली सुद्धा. ती तेव्हा टोरांटोत स्वतःच्या घरी बॅग भरत होती. मी काकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले की दिल्लीला उतरली, आणि माझ्याकडे वळून, "काय ओ मॅडम, उतरली ना?" मी म्हटलं, हो, उतरली. खरं तर तिचं विमान उडायला अजून कितीतरी वेळ होता. संध्याकाळी काकांनी तिला हैदराबादहून गाडीतही बसवलं. ज्या माणसाने इतकी वर्षं ऑकलंडला तासावर तास जोडले, तो टोरांटोचे तास भराभर कापत सुटला होता.

आता अडचण अशी झाली की हैदराबादहून गाडीत बसलेली मुलगी सकाळपर्यंत नांदेडला यायला हवी होती, आणि ती खरोखर अजून समुद्राच्या पलीकडेच होती. बाहेरच्या बाकावर काका डोकं धरून बसले. तिला इतक्या घाईने आणायला नको होतं, असं मला म्हणाले. मग तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिची गाडी वाटेत देगलूरला पंक्चर केली. पंक्चर काढलं तर ड्रायव्हर जेवायला बसला. जेवण झालं तर दुसरं टायर बसलं. ते निघालं तर ड्रायव्हर पुन्हा काहीतरी खायला थांबला. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "त्यो ड्रायव्हर किती वेळा जेवून राहिला?"

काका सलाईनच्या बाटलीकडे बघायला लागले, पण गुरुजी थांबले नाहीत.

"आन् टोरांटो येवढं जवळ कधी झालं?"

काकांनी त्यांच्या अंगावरची चादर उगाच नीट केली. मग म्हणाले, "तुमी आधी बरे व्हा गुरुजी. मंग परत लांब करू."

गुरुजी हसले. आधी ओठात आणि मग पोट हलवून. उशाशी असलेलं यंत्र टूं टूं करायला लागलं, सिस्टर धावत आली आणि तिने आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. काका बाहेर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मुलगी चौथ्या दिवशी दुपारी पोचली, तशीच बॅग ओढत दवाखान्यात. काका दारातच होते. सवयीने विचारलं, किती वेळ लागला, आणि उत्तर यायच्या आत तिच्या हातातली बॅग घेऊन तिला आत ढकललं.

गुरुजी बरे झाले. पण मुलीने आता त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं. सगळे कागद होऊन त्यांचं टोरांटोला जायचं पक्कं होईपर्यंत काही महिने गेले. या काळात काकांनी एक उद्योग केला. ते एकटेच बसने नांदेडला गेले आणि त्याच डॉक्टरांना भेटून प्रवासाचं वर्णन करून आले. पंधरा तास आकाशात, वर धुकं, वर बसून राहणं, खाली नुसता बर्फ, अशा माणसाला सोसेल का, तुम्ही नको म्हणून लिहून द्या. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? काका म्हणाले, शेजारी. डॉक्टरांनी मधल्या सीटवर बसू नका, अधूनमधून पाय मोकळे करा, एवढंच सांगून परवानगी दिली. हे मला गुरुजींनीच चष्मा पुसत सांगितलं. त्यांना डॉक्टरांकडून कळलं होतं.

गुरुजी टोरांटोला गेले. त्यांच्या घराची किल्ली काकांकडे राहिली. सकाळी ते पलीकडे जाऊन मोगऱ्याला पाणी घालायचे, पुस्तकांवरची धूळ झटकायचे आणि कुलूप लावून यायचे. संध्याकाळी भिंतीकडे मात्र फिरकायचे नाहीत. खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. त्या दिवसांत कुणी कितीही मोठा आकडा सांगितला तरी ते त्यावर चढत नव्हते. काकूंना त्याची धास्ती वाटायला लागली.

मग एक दिवस ते खुशीत दिसले. त्यांना मुद्दा सापडला होता. गुरुजींना व्हिडिओ कॉल लावून त्यांनी तो ठणकावून सांगितला. मी तिथेच होते. म्हणाले, तुमची पोरगी तेरा हजारांवर, म्हणून इतकी वर्षं तुम्ही जिंकलात. आता ती तुमच्याजवळ. म्हणजे तुमचं लांब कुणीच राहिलं नाही. आणि माझा एक माणूस ऑकलंडला आणि एक टोरांटोला. "ह्या गल्लीत सगळ्यात लांबचं माणूस आता माझं हाय, गुरुजी. तुमी."

पडद्यावर गुरुजी कानटोपी घालून बसले होते. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "शेठ, तुमचा पोरगा चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. म्हणजे माझाबी झाला. आता टोरांटोहून ऑकलंड किती, जरा मॅडमला इचारा."

काकांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी मोजलं. जवळजवळ चौदा हजार. त्यांनी विचारलं, मधे वसमत येतं का? मी म्हटलं, नाही काका, विमान आपल्याकडे येतच नाही, ते पृथ्वीच्या पाठीमागून, पॅसिफिक महासागरावरून जातं. वसमतला वगळून दोघं परस्पर एकमेकांपासून लांब आहेत, हे त्यांना फारच लागलं.

"पोरगं माझं, आन् लांब गुरुजीचं?" असं म्हणून ते येरझाऱ्या घालायला लागले. बऱ्याच वेळाने थांबले. "मॅडम, मी ऑकलंडला गेलो तर?"

मी म्हटलं, तर तुमच्यापासून गुरुजी चौदा हजार आणि गुरुजींपासून तुम्हीही चौदा हजार.

"म्हणजे बराबर?"

"बराबर."

बरोबरीत सौदा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण हरण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना दिसलं असावं. त्याच आठवड्यात कपाटातले पासपोर्ट बाहेर आले. मुलाने तिकिटं काढली, सिंगापूरवरून. काकांनी दुबईचं नाव काढलं नाही. काकूंनी मात्र पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं. नातीसाठी शेवया, पापड, हळदपुडीचं पुडकं, आणि बॅगेचं वजन जास्त भरतंय म्हणून त्यातून रोज काका स्वतःचे दोन शर्ट काढून ठेवायचे.

निघायच्या दिवशी काका खाली गाडीवाल्याला रस्ता समजावत होते. काकू घाईघाईने जिना चढून वर आल्या. दोन्ही घरांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, मोगऱ्याचं सांगितलं. जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. हसू त्यांना आवरत नव्हतं.

"मॅडम, मधी एकदा मी तुमाला इचारलं न्हवतं का, ऑकलंडहून टोरांटो किती पडतं म्हणून?"

मला आठवलं. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं.

"ते मीच गुरुजीला फोनवर सांगितलं," काकू म्हणाल्या. "नातीला बघाया जाऊ म्हणून मी ह्यायच्या किती हातापाया पडले. ऐकलं न्हाई. मंग गुरुजीला म्हणलं, तुमीच हरवा ह्यायला."

खालून काकांनी उशीर होतोय म्हणून हाक मारली. काकूंनी पदर सावरला, हसू पुसलं आणि तोंड गंभीर करून खाली उतरल्या.